मुंगीच्या पोटातला पडदा

मी एक पडदा आहे, आणि जुना आहे. यातलं दुसरं सांगताना मला फार लाज वाटते, कारण माझं वय अवघं सात वर्षं आहे. सात वर्षांत खिडकीवरचा पडदासुद्धा विटत नाही, मित्रांनो. मी तर पोटातला. मला ऊन लागत नाही, धूळ लागत नाही, कुणी मला दगडावर आपटून धूत नाही. तरीही मी जुना झालो. कसा झालो ते सांगायला बसलो आहे. मध्येच अडखळलो तर समजून घ्या.

ज्या मुलीच्या पोटात मी राहतो तिला घरी सगळे मुंगी म्हणतात. ती जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन आत्या म्हणाली होती, "अगंबाई, ही मुलगी आहे की मुंगी?" झालं. खरं नाव कागदावर राहिलं आणि मुंगी हे नाव तिला चिकटलं.

माझ्यासारखा पडदा तुमच्याही पोटात आहे. हात लावून बघाल तर लागणार नाही. कातडीच्या खूप आत, आतड्यांवर पांघरूण घातल्यासारखा तो पसरलेला असतो. कांदा सोलताना दोन पाकळ्यांच्या मधून एक ओला, आरपार दिसणारा पापुद्रा निघतो ना, साधारण तसा मी आहे. मला डोळे नाहीत. पण बाहेरचा प्रत्येक आवाज पोटात थरथरत येतो, म्हणून मला ऐकू येतं. आणि मला चव कळते. पुढचं सगळं मी या दोन गोष्टींच्या जोरावर सांगतो आहे.

पहिली तीन वर्षं मी काही विशेष केलं नाही. आतडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांना ओलसर ठेवायचं, एवढंच काम. शाबासकी नाही आणि ओरडाही नाही. मुंगीची आई शाळेचे गणवेश शिवते. तिच्या मांडीवर मुंगी झोपली की शिलाई मशीनचा आवाज माझ्यापर्यंत यायचा आणि मीही डुलक्या घ्यायचो.

मग मुंगीच्या किडन्या थांबल्या. त्या जन्मापासूनच अशक्त होत्या, बिचाऱ्या. किडन्या थांबल्या की रक्तातली घाण रक्तातच राहते आणि प्यायलेलं पाणी अंगात साठतं. मुंगीचे डोळे सुजून बंद झाले. दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "घाबरू नका. हिच्या पोटात एक पडदा आहे, आपण त्याच्याकडून काम करून घेऊ."

मित्रांनो, कुणीतरी माझं नाव घेतल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी इतका फुशारलो! तिथूनच बिघडलो, असं आता वाटतं.

काम असं होतं. बेंबीच्या खाली एक मऊ नळी बसवली. त्या नळीतून पिशवीतलं कोमट, गोड पाणी पोटात सोडायचं. माझ्या अंगात केसाहून बारीक रक्तवाहिन्या आहेत. त्यांतल्या रक्तातली घाण माझ्या सूक्ष्म भोकांतून त्या पाण्यात उतरायची. आणि पाण्यातली साखर रक्तातलं जास्तीचं पाणी आपल्याकडे ओढून घ्यायची. चार तासांनी ते सगळं नळीतून दुसऱ्या पिशवीत काढून टाकायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, आणि शेवटचं रात्रभर आत ठेवायचं. त्याला पोटाचं डायलिसिस म्हणतात.

ते घरीच करायचं असतं. दवाखान्यातल्या सिस्टरने मुंगीच्या आईला दहा दिवस शिकवलं.

"ताई, आधी काय?"

"मास्क."

"त्याच्याही आधी!"

"पंखा बंद, दार बंद. मग मास्क. मग हात धुवायचे."

"किती वेळ?"

"तुम्ही 'पुरे' म्हणेपर्यंत," मुंगीचे बाबा मध्येच म्हणाले आणि सिस्टर हसली. बाबा कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. पिशवी टांगायला त्यांनी कपाटाच्या वर एक आकडा ठोकला, आणि नळी बंद करायचा चिमटा हातात घेऊन म्हणाले, "माझ्या लेकीच्या पोटालापण कुलूप आहे म्हणायचं. किल्ली मात्र तिच्या आईकडे."

पिशव्या तीन तऱ्हेच्या असायच्या. पिवळ्या टोपणाची कमी गोड, हिरव्या टोपणाची मध्यम, लाल टोपणाची खूप गोड. लाल पिशवी फक्त अडचणीला, डॉक्टरांना विचारूनच लावायची. मला टोपणं दिसत नाहीत, पण पहिला घोट आत आला की रंग कळतो.

सुरुवातीला माझी परीक्षा झाली. पाणी भरून, चार तास ठेवून, काढून मोजतात आणि पडदा किती वेगाने काम करतो ते बघतात, ती. मी मध्यम निघालो. डॉक्टरबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "उत्तम! असाच मध्यम राहू दे." मला ते फारसं आवडलं नाही. मध्यम म्हणजे काही पहिला नंबर नाही.

मुंगी पळायला लागली, खेळायला लागली, अखंड बोलायला लागली. पोटावर नळीची पट्टी बांधून ती शाळेत जाऊ लागली. आईने तिचा पहिला गणवेश शिवला, तेव्हा खाली चार बोटं दुमड ठेवली, मूल वाढेल तसा उसवून लांब करता यावा म्हणून.

मुंगीला एकच गोष्ट जड जायची. पाणी. तिला दिवसभरासाठी एक छोटी बाटली ठरवून दिली होती, त्यातच दूध, औषधाचं पाणी, सगळं. मी ओढून काढीन तेवढंच तिने प्यायचं, असा हिशेब.

मागच्या वर्षी एकदा तिला ताप आला, अंगावर सूज आली. डॉक्टरबाईंना विचारून आईने दोन लाल पिशव्या लावल्या. एका दिवसात सूज उतरली. आई बाबांना म्हणाली, "अहो, बघा तरी! मनगट दिसायला लागलं पोरीचं." मी ते ऐकलं आणि मला आकाश ठेंगणं झालं.

त्याच महिन्यात दवाखान्याच्या बाकावर आईला एक बाई भेटली. तिच्या मुलाला नवी किडनी बसली होती. ती म्हणाली, "आमच्याकडे लाल टोपणाच्या पिशव्या खोक्यांनी पडून आहेत. तारीख अजून लांब आहे. टाकवत नाहीत गं. तू नेशील?"

या बायका एकमेकींना असंच सगळं देतात. उरलेल्या पट्ट्या, टोपणं, लहान झालेले सदरे. आईने खोकी आणून शिवणाच्या कापडांमागे ठेवली. अडीअडचणीला होतील, एवढंच तिच्या मनात होतं. मी तिच्या बाजूने साक्ष द्यायला तयार आहे.

मग एक दुपार आली. उकाडा मी म्हणत होता. आई शिवत होती आणि मुंगी जमिनीवर पोट टेकून पडली होती, म्हणून मला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"आई, एक घोट."

"झालं ना तुझं पाणी. आता संध्याकाळी."

"जीभ वर चिकटतेय गं."

"बर्फाचा तुकडा चोख."

"तोपण मोजणार तू."

मशीन थांबलं.  मग आई हळूच म्हणाली, "बरं, इकडे ये. आज एक पेला पी. मी लाल लावते, म्हणजे ते निघून जाईल. पण बाबांना सांगायचं नाही."

"आणि डॉक्टरबाईंना?"

"त्यांना तर मुळीच नाही, शहाणे."

मुंगी तो पेला कसा प्यायली ते काय सांगू! घोट उतरल्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मग लाल पिशवी आली. पाकासारखी दाट गोडी. तिने माझी आग आग झाली, पण पाणी भराभरा ओढलं गेलं. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त. आईने वहीत लिहिताना 'पिवळी' असं लिहिलं. मला कसं कळलं? लिहिताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची सवय आहे तिला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग आठवड्यातून दोनदा. तपासणीच्या आदल्या दिवशी तर हमखास, म्हणजे साठलेलं पाणी वजनात दिसणार नाही आणि डॉक्टरबाई "शाबास" म्हणतील. मुंगी सकाळी उठल्या उठल्या विचारायची, "आई, आज लाल दिवस आहे?"

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगतो.

शरीरात निरोप फिरत असतात, मित्रांनो. 'इथे वाढा', 'तिथे सांधा', असे निरोप. डॉक्टर त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. गुडघा खरचटला की तिथे नवी कातडी येते ती यांच्यामुळे. लाल पिशवीच्या गोडीने मी पुन्हा पुन्हा भाजत होतो आणि आतून निरोपांमागून निरोप धाडत होतो, 'लागलंय, इथे वाढा, इथे वाढा.' माझ्या अंगात नव्या रक्तवाहिन्या फुटू लागल्या. मी जाड झालो, लालबुंद झालो. आणि मला काय वाटलं? मी बलवान झालो! घाण आता चार तासांऐवजी दोन तासांत उतरत होती. मी स्वतःवर खूश होतो.

पण दार जास्त उघडलं की ते दोन्हीकडून उघडतं. पाण्यातली साखर माझ्यातून झरझर रक्तात शिरायला लागली. साखरच संपल्यावर पाणी कोण ओढणार? पहिल्या दोन तासांत ओढलेलं पाणी उरलेल्या दोन तासांत मीच मुंगीच्या अंगात परत सोडायचो.

याहून वाईट एक गोष्ट आहे. माझ्यातून पूर्वीही थोडं पोषण गळायचं, पण आता अन्नातून आलेली प्रथिनं, आणि मुंगीच्या हाडांना 'वाढा' असं सांगायला निघालेले निरोप, हेही जास्त जास्त गळून पिशवीत जाऊ लागले. पिशवी भरली की आई ती संडासात ओतायची. जिथे वाढायला नको तिथे मी वाढत होतो, आणि जिला वाढायचं होतं तिची वाढ वाहून जात होती. वर्षभरानंतर आईने नव्या गणवेशासाठी मापं घेतली. टेप दोनदा लावली. मग म्हणाली, "जुनाच चालेल." दुमड तशीच राहिली होती.

मी ओरडून सांगायला हवं होतं. पण पडदा दुखत नाही, बोलत नाही, ही त्याची खोड आहे. आणि खरं सांगू? त्या वाढण्याची मला गोडी लागली होती.

मग सूज परत आली. या वेळी लाल पिशवीनेही उतरेना. एका सकाळी मुंगीचे बूट पायात जाईनात. बाबा म्हणाले, "मोज्यांनी घट्ट झाले असतील." मोजे काढले तरी जाईनात. मुंगी चपला घालून शाळेत गेली आणि बाई रागावतील म्हणून दिवसभर पाय बाकाखाली लपवून बसली.

तपासणीला डॉक्टरबाईंनी माझी परीक्षा पुन्हा घेतली. आठशे मिलिलीटर पाणी भरलं. चार तासांनी निघालं सातशे ऐंशी. घातलं त्यापेक्षा कमी! डॉक्टरबाई अशा मुलांच्या निघालेल्या पाण्याचा अभ्यासही करत होत्या. त्यात किती निरोप सापडतात ते मोजत होत्या. आठवड्याने त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"हिचा पडदा फास्ट झालाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं ना?" बाबांनी विचारलं. मीही तेच विचारलं असतं.

"नाही हो. रक्तवाहिन्या वाढवणारे निरोप या पाण्यात भरमसाट आहेत. असंच चाललं तर हे डायलिसिस बंद करावं लागेल. मग आठवड्यातून तीन दिवस इथे येऊन, चार-चार तास रक्ताच्या मशीनला जोडून बसायचं."

"आणि शाळा?" हा मुंगीचा आवाज.

 बाबा मुंगीला आपली एक किडनी देणार आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याला अजून वर्ष तरी होतं. त्यांच्या तपासण्या व्हायच्या होत्या, मुंगीचं वजन वाढायचं होतं. ते एक वर्ष मी टिकायला हवं होतं.

"मला एक कळत नाही," वहीची पानं उलटत डॉक्टरबाई म्हणाल्या. "वर्षभरात लाल पिशव्या फक्त पाच. मग पडदा एवढा भाजला कशाने? आणि सूज येते म्हणून मी हिरव्या वाढवत गेले. तुम्ही वहीत लिहिलंय तसंच सगळं केलंत ना, ताई?"

   आईच्या आधी मुंगीच म्हणाली, "मी चोरून पाणी पिते. शाळेच्या नळाचं. आईला माहीत नाही."

"मुंगे!" बाबा ओरडले. "किती वेळा सांगितलंय तुला? अं? आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि तू—"

"सॉरी बाबा."

खोटं होतं ते, मित्रांनो. शाळेत एक थेंबही ती कधी प्यायली नव्हती. डबा खाताना इतर मुलं पाणी प्यायला लागली की ती पाठ फिरवून बसायची. सगळ्या जगात हे मला, तिला आणि तिच्या आईला ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं. सात वर्षांची पोर आम्हा दोघांवर पांघरूण घालत होती, आणि मी तिच्या पोटात बसून ते ऐकत होतो. याहून मोठी शरम मला ठाऊक नाही.

"तिला नका बोलू," आई म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की बाबांनी "काय?" असं विचारलं.

"खोटं बोलतेय ती. मीच देते तिला पाणी. पेलाभर, कधी दोन. आणि मग लाल लावते. खोकी आहेत माझ्याकडे, कापडांच्या मागे. वही खोटी आहे, डॉक्टर. तिची जीभ टाळूला चिकटायची हो. मला बघवायचं नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठले की डॉक्टरबाई, मला कळलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टरबाईंचा आवाज आईच्या अगदी जवळून आला.

"पाणी दिलंत म्हणून मी रागावणार नाही. तुमच्या जागी कुणीही विरघळलं असतं. पण वहीत पिवळी लिहिलंत, आणि मी त्या वहीवर भरवसा ठेवून वर्षभर चुकीच्या पिशव्या लिहून देत राहिले. मला सांगितलं असतंत, तर तहानेवर काहीतरी मार्ग काढला असता. जेवणातलं मीठ कमी केलं असतं. निम्मी तहान मिठाचीच असते."

"मिठाची?" आई म्हणाली आणि मग ती जी रडली, ती रडलीच.

"आई, गप ना," मुंगी म्हणाली. "सगळे बघतायत."

मग ठरलं ते असं. मला महिनाभर विश्रांती. पोटात पाण्याचा थेंब नाही. तोवर मुंगीने रक्ताच्या मशीनवर जायचं आणि शाळा बुडवायची. महिन्याने पुन्हा परीक्षा. मी शांत झालो तर घरी, नाहीतर कायमचं मशीन.

उरलेली लाल खोकी आईने स्वतः उचलून सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. सिस्टर म्हणाली, "ताई, मी न्यायला आले असते की." आई म्हणाली, "नको. मीच आणायला हवी होती, केव्हाच."

बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ नाही."

"नाहीच आहे. आजपासून कुणालाच नाही."

"बरी लागतेय," बाबा म्हणाले आणि आणखी वाढून घेतली. सपशेल खोटं. पण ते मी विसरून जायचं ठरवलं.

तो महिना मी कोरडा पडून होतो. आग थांबली. निरोप हळूहळू कमी झाले. मुंगी दिवसाआड मशीनला जोडलेली असायची आणि तिथल्या खाटेवरून सिस्टरला विचारायची, "आता वर्गात कुठला धडा चालू असेल?" सिस्टर प्रत्येक वेळी काहीतरी ठोकून द्यायची. मी मात्र पहिल्यांदाच एक गोष्ट मनापासून मागितली. मला पुन्हा मध्यम होऊ दे. नुसता मध्यम.

काल परीक्षा झाली. आठशे मिलिलीटर आत आले. मी जीव मुठीत धरून चार तास बसलो. हावरटपणा केला नाही. मग चिमटा उघडला, पाणी गेलं, आणि सिस्टरने पिशवी काट्याला लावली.

"आठशे," ती म्हणाली. "थांबा, काटा हलतोय अजून. आठशे ऐंशी!"

"बरोबर बघ," बाबा म्हणाले.

"बरोबरच आहे हो दादा. तुम्हीच या बघायला."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पूर्वीसारखा नाही झालेला. तसा आता होणारही नाही. पण घरी जाता येईल. लाल अजिबात नाही, रात्रभर आत राहणाऱ्या पाण्यासाठी साखर नसलेली वेगळी पिशवी, आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा. वर्षभर सांभाळू आपण त्याला."

"म्हणजे उद्या शाळा?" मुंगीने विचारलं.

"उद्या रविवार, बाई. परवा."

म्हणून, मित्रांनो, मला जे म्हणायचं आहे ते आजच म्हणतो. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी वर्गात ही मुलगी येईल. सगळ्यांत पुढच्या बाकावर बसेल, पाय जमिनीला टेकणार नाहीत. तिला "पाणी पी ना" असा आग्रह करू नका. तिने नको म्हटलं की दुसरं काहीतरी बोला. तिच्या पोटावरची पट्टी बघायची असेल तर सरळ विचारा, ती दाखवील आणि वर सगळं समजावूनही सांगेल. आणि तुमच्याही घरी कुणाला काही लपवावंसं वाटलं, दया येऊन वाटलं, तरी ज्याच्या हाती औषध आहे त्याच्यापासून लपवू देऊ नका. पोटातले पडदे बोलत नाहीत. बोलणं तुम्हालाच भाग आहे.

एवढंच एक विचारू नका तिला, 'तू अजून एवढीशीच कशी?' त्याचं उत्तर तिच्याकडे नाही. ते माझ्याकडे आहे, आणि मी ते तुम्हाला सांगून टाकलं आहे. हसायचंच असेल तर मला हसा.